यंत्राला विचारलेले प्रश्न

आपल्यापैकी ज्यांनी १९९०च्या आगेमागे बँकांत नोकरी केली, त्यांना युनिक्स हे नाव अगदीच अपरिचित नसावे. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, माउसचा पत्ता नाही आणि प्रत्येक आज्ञा हातांनी टंकायची, असा तो कारभार होता. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. १९७३ साली ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागली. मात्र सासरी गेलेल्या मुलींप्रमाणे ज्या घरी ती गेली त्या घरची रीत तिने उचलली. बर्कली विद्यापीठाची युनिक्स निराळी, एटी अँड टीची सिस्टिम फाइव्ह निराळी, आणि प्रत्येक यंत्र विकणाऱ्या कंपनीची आणखी निराळी. या भेदांतून वाट काढण्याचा एक प्रसंग आमच्या आयुष्यात आला. त्यातून जे उमगले ते येथे मांडावेसे वाटते.

१९९३ साली नोकरीच्या निमित्ताने आम्ही अनसिंगला राहत होतो. वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. सभोवार काळी जमीन, कापूस आणि तूर. वाशिम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. एका संस्थेने मोडीत काढलेला संगणक तेथे आमच्या हाती लागला. ३८६ जातीचा प्रोसेसर, ४ मेगाबाइट स्मृती, त्यावर सिस्टिम फाइव्ह घराण्यातील युनिक्स आणि सुदैवाने सी भाषेचा कंपायलर. मुंबईच्या एका मित्राने फ्लॉप्यांचा गठ्ठा पाठवला. त्यात 'ईमॅक्स' नावाच्या एडिटरची, म्हणजे मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या साधनाची, मूळ संहिता होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली ती जगाला खुली केली होती. कोणीही घ्यावी, वाचावी, बदलावी आणि पुढे द्यावी, एवढीच अपेक्षा. पण ते वाढलेले ताट नव्हते, शिधा होता. चूल आपली, भांडी आपली, पाणीही आपल्याच विहिरीचे.

या कामी आमचा सोबती होता गावातील एक तरुण. बारावी झालेला, दिवसा जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा. त्याचे आडनाव ऐकले की त्याचे घर गावाच्या कोणत्या टोकाला आहे हे ऐकणाऱ्याला कळत असे. तेवढ्यावरून एका कचेरीत त्याला संगणकाच्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबवले गेले होते. तो हे सांगे ते तक्रारीच्या सुरात नव्हे, हवामान सांगावे तसे. सायंकाळी सातला तो आमच्याकडे येई आणि वीज असेल तोवर बसे.

शिध्याबरोबर एक नमुना-फाइल होती. तिची प्रत करून तीत मुख्यतः दोन नावे भरायची. एक 'एम' अक्षराने सुरू होणाऱ्या फाइलीचे. ती यंत्राचे वर्णन करते. दुसरे 'एस' अक्षराने सुरू होणाऱ्या फाइलीचे. ती यंत्रावर चालणाऱ्या प्रणालीचे वर्णन करते. आमच्यासाठी पहिली इंटेल ३८६ची आणि दुसरी सिस्टिम फाइव्हच्या तिसऱ्या आवृत्तीची. हजारो ओळींच्या मूळ संहितेला हात लावायचा नाही. आपल्या घरची रीत तेवढी या दोन कागदांवर लिहून द्यायची.

यंत्राच्या वर्णनात काय असते? एक उदाहरण देतो. मोठी संख्या स्मृतीत ठेवताना ३८६ धाकटा भाग आधी ठेवतो. मोटोरोलाचे ६८००० घराण्यातील यंत्र थोरला आधी ठेवते. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी येतात आणि वीस मागून; इंग्रज वीस आधी म्हणतो. संख्या तीच, पण उच्चाराचा क्रम ठाऊक नसेल तर पंचवीसाचे बावन्न व्हायचे. प्रणालीच्या वर्णनातही असेच. स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवण्याच्या क्रियेला बर्कलीत 'बीकॉपी' म्हणतात, सिस्टिम फाइव्हमध्ये 'मेमकॉपी'. शिवाय बर्कलीत 'कोठून' हे आधी सांगायचे आणि 'कोठे' हे नंतर. सिस्टिम फाइव्हमध्ये नेमके उलट. वर्णनाच्या फाइलीतील एक ओळ हा सारा तंटा मिटवते. ती ओळ वाचून आमचा सोबती म्हणाला, "सर, एकाच कामाले दोन गावात दोन नावं हायेत, अन् पत्ताबी उलटा!"

मग कंपायलर सुरू झाला. एकेका फाइलीला मिनिटांमागून मिनिटे लागत आणि मध्येच वीज जाई. येथे 'मेक' नावाच्या आज्ञावलीचे उपकार मानावे तितके थोडे. कोणती फाइल झाली आणि कोणती राहिली हे ती फाइलींच्या वेळा ताडून ओळखते. वीज परतली की अर्धवट राहिलेली एक फाइल पुसायची आणि तेथूनच पुढे जायचे. झालेले काम वाया जात नाही. तीन रात्रींत सगळे तुकडे तयार झाले.

ते जोडण्याची वेळ आली तेव्हा मात्र यंत्राने नकार दिला. पडद्यावर अक्षरे मांडण्यासाठी लागणारी कार्ये 'कर्सेस' या संग्रहात मिळतील, असे वर्णनात म्हटले होते. आमच्या प्रणालीचे घराणे सिस्टिम फाइव्हचे खरे, पण ती विकणाऱ्याने ही कार्ये दुसऱ्याच संग्रहात ठेवली होती. नाव जुळत होते, वस्तुस्थिती जुळत नव्हती. माहितीपुस्तिका जवळ नव्हती आणि विचारावे असा जाणकार शंभर मैलांत आम्हांला ठाऊक नव्हता.

आम्ही विचार करीत असताना त्या तरुणाने पाच ओळींचा एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. त्याला दुसरे काहीच काम नव्हते; फक्त ते एक कार्य हाक मारून बोलवायचे. मग तो एकेका संग्रहाबरोबर तो जोडून पाहू लागला. पहिल्याबरोबर जुळला नाही, दुसऱ्याबरोबर नाही, तिसऱ्याबरोबर जुळला. "नाव काय म्हणते ते राहू द्या, सर," तो म्हणाला, "जवळ काय हाये ते त्यालेच विचारू." वर्णनात एका ओळीचा बदल झाला आणि त्या रात्री ईमॅक्स उभा राहिला. 'आठ मेगाबाइट आणि तरी अखंड अदलाबदल' अशी त्याची थट्टा त्या काळी टीकाकार करीत. आमच्याकडे तर चारच होते! प्रत्येक आज्ञेनंतर डिस्क कण्हत असे. पण तो चालला.

त्या तरुणाने जे केले तेच अमेरिकेत डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली 'ऑटोकॉन्फ' या साधनात करून ठेवले होते, हे आम्हांला मागाहून समजले. 'तू कोणत्या कंपनीचा, कोणत्या घराण्याचा?' या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबायचे नाही, हा त्याचा गाभा. त्याऐवजी चिमुकले प्रोग्रॅम एकामागून एक चालवून पाहायचे. हे कार्य तुझ्याकडे आहे का? ही फाइल आहे का? संख्येचा धाकटा भाग तू आधी ठेवतोस का? उत्तरे जशी येतील तशी मांडणी करायची. ईमॅक्सने १९९३ साली निघालेल्या एकोणिसाव्या मालिकेपासून ही वाट धरली. तरी नावांच्या त्या 'एम' आणि 'एस' फाइली पुढे कित्येक वर्षे टिकून होत्या. जुनी सवय एकदम सुटत नाही, हेच खरे. अलीकडच्या आवृत्त्यांतून मात्र त्या काढून टाकल्या आहेत. ज्या प्रणालीचे नावही कर्त्यांनी कधी ऐकले नाही, तिच्यावरही आज हा एडिटर उभा राहू शकतो, कारण तिला आधी प्रश्न विचारले जातात.

खुल्या संहितेचा आणखी एक प्रसाद आपल्या पदरी पडला, तो सांगितलाच पाहिजे. त्या १९९३ सालच्या यंत्रावर आम्हांला मराठीचे एक अक्षरही उमटवता येत नव्हते. तो तरुण मराठी वाक्ये इंग्रजी लिपीत टंकून ठेवी. जपानमधील इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीत केनिची हांडा आणि त्यांचे सहकारी याच ईमॅक्सला नाना लिपी शिकवीत होते. १९९७ साली विसाव्या मालिकेत त्यांचे काम मूळ प्रवाहात आले आणि त्यात देवनागरीही होती. आपली बाराखडी त्यात बसवण्यासाठी जपानी माणसांनी कष्ट घेतले. कोणी त्यांना 'तुमचा देवनागरीशी संबंध काय?' असे विचारून दारात उभे केले नाही. संहिता खुली होती, काम येत होते, एवढे पुरेसे झाले.

अनसिंगमध्ये आमचेही आडनाव ऐकून माणसे क्षणभर गप्प होत. कोणत्या खणात ठेवावे हे त्यांना उमजत नसे. त्यात दुष्टावा नव्हता. पण गंमत अशी, की आम्हीही त्यांच्याबद्दलचे आडाखे नावांवरूनच बांधत होतो. आपल्या समाजातही पाहा. सोयरीक असो, शाळेतील प्रवेश असो वा नोकरी. गाव, घराणे आणि आडनाव यांची फाइल आपण आधी उघडतो. नाव अगदीच निरुपयोगी असते असे नाही. त्यावरून एक अंदाज मिळतो. मात्र अंदाज हे उत्तर नव्हे. ते पाच ओळींच्या प्रश्नाने पडताळायचे असते, आणि तेवढा प्रश्न विचारण्याचे कष्ट आपण घेत नाही.

तो तरुण पुढे पुण्याला गेला. तेथील मुलाखतीत त्याला एका बिघडलेल्या यंत्रासमोर बसवून म्हणाले, "हे चालते का बघा." दुपारपर्यंत ते चालू झाले आणि त्याला नोकरी मिळाली. अर्जावरचे आडनाव त्यांनी वाचलेच असेल. फक्त त्यावर ते थांबले नाहीत.