घरातील विमान

जी वस्तू विकत घेण्याचे सामर्थ्य नाही, ती स्वतः निर्माण करण्याची बुद्धी मनुष्यास पुष्कळदा सुचते. अमेरिकेतील एडविन लिंक ह्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. उड्डाणाचे शिक्षण त्या काळी फार महाग पडे. म्हणून त्या तरुणाने ऑर्गनचे भाते व हवेचे पंप जुळवून जमिनीवरच डोलणारे एक विमान तयार केले. हे १९२९ साल होय. पुढे दुसऱ्या महायुद्धात सहस्रावधी वैमानिकांनी अशाच पेटीत बसून आपले पहिले धडे गिरविले.

नवी मुंबईचे विमानतळ ता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाले व २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने जाऊ लागली. तेव्हापासून आमच्या नेरूळच्या मुलांत वैमानिक होण्याची इच्छा बळावली आहे. मीही त्यांपैकी एक. परंतु डोळ्यांच्या तपासणीत मला लाल व हिरवा ह्या रंगांतील भेद नीट दिसत नाही असे आढळून आले. आणि व्यावसायिक वैमानिकास रंगदृष्टीची परीक्षा द्यावीच लागते. ती मी उतरेन किंवा नाही, हे कालांतराने ठरेल. तोपर्यंत हात जोडून बसण्यापेक्षा घरीच विमानाचा कक्ष उभारावा, असे मी ठरविले. वडिलांनी पाच हजार रुपयांची मर्यादा घातली, व संगणक घरी होताच.

तयार यंत्रे ह्या मर्यादेत बसणारी नव्हती. म्हणून वडील व मी हार्बर मार्गाने कुर्ला, तेथून दादर व पुढे ग्रँट रोड असे करीत लॅमिंग्टन रोडवर गेलो. तेथील दुकानांत सुटे भाग इतके असतात की, आपणांस काय पाहिजे हे आधी ठरविले नसेल तर बुद्धी गोंधळून जावी. मी घरीच यादी केली होती, व प्रत्येक वस्तूपुढे ती का घ्यावयाची ह्याचे कारण लिहिले होते.

प्रथम आर्डुइनोची पाटी. ‘उनो’ प्रसिद्ध खरी. पण ‘लिओनार्डो’ ही यूएसबीने जोडताच संगणकास आपण जॉयस्टिक आहो असे स्वतः सांगू शकते. म्हणून ती घेतली. मग दांडा. पोटेन्शिओमीटरमध्ये एक पाते कार्बनच्या पट्टीवर घासत फिरते. सतत हलणाऱ्या दांड्यास ते लावल्यास पट्टी झिजते व विमान विनाकारण थरथरू लागते. हॉल सेन्सर चुंबकाचे सान्निध्य न शिवता ओळखतो. ज्या तत्त्वावर तो चालतो ते एडविन हॉल ह्यांनी १८७९ साली शोधून काढले. दांड्यास म्हणून हॉल सेन्सर, आणि क्वचित हलणाऱ्या थ्रॉटलला स्वस्त पोटेन्शिओमीटर, अशी मी वाटणी केली. पोटेन्शिओमीटरही ‘बी’ अक्षराचा पाहून घेतला; कारण ‘ए’ अक्षराचा आवाजाच्या बटणासाठी असतो, त्याची वाढ समप्रमाणात होत नाही.

पंचवीस स्विचांना पंचवीस तारा लागत नाहीत. पाच आडव्या व पाच उभ्या ओळी केल्या की दहा तारांत काम भागते. मात्र प्रत्येक स्विचाबरोबर एक डायोड घालावा लागतो; नाहीतर तीन स्विच चालू असता न दाबलेला चौथाही दाबल्याचा भास होतो.

खरी कसोटी रेझिस्टरांपाशी होती. एक किलोओहमच्या रेझिस्टरावर तपकिरी, काळा व लाल पट्टे असतात. एक मेगाओहमच्या रेझिस्टरावर तपकिरी, काळा व हिरवा. हजारपटीचा भेद, आणि तो नेमका मला न दिसणाऱ्या रंगांत! म्हणून यादीत मल्टिमीटर सर्वांत वर होता. पट्ट्यांवर विश्वास न ठेवता प्रत्येक रेझिस्टर मी मोजून घेतला. दुकानदाराने मिसळून दिलेले दोन तुकडे त्यामुळे हाती लागले. धाकट्या बहिणीस रंग उत्तम दिसतात, तरी तिच्या नजरेतून ते सुटले होते.

चाकांच्या दिव्यांबाबतही असाच विचार केला. चाके खाली येऊन घट्ट बसली की तीन हिरवे दिवे लागतात. लाल दिवा मी वर, निराळा व उघडझाप करणारा ठेवला. हिरवे तीन खाली त्रिकोणात, स्थिर. आता रंग न पाहताही अर्थ कळतो. ह्यास आधारही आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकेच वर ओढीत. कारण दोन्ही स्विच सारखे व शेजारी होते. आल्फोन्स चॅपॅनिस ह्या मानसशास्त्रज्ञाने १९४३ च्या सुमारास एकास चाकाचा व दुसऱ्यास पाचरीचा आकार देण्याचे सुचविले. आजही मोठ्या विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखीच असते.

ह्यावरून माझ्या मनात एक विचार दृढ झाला. वैमानिकाच्या आसनावर बसणे माझ्या हाती असेल वा नसेल. पण त्या आसनासमोरील फळी कोणीतरी विचारपूर्वक रचावीच लागते. ज्याच्या डोळ्यांस सर्व काही सहज दिसते, त्यास फळीतील उणीव कदाचित दिसणार नाही. मला मात्र ती प्रथम दिसेल. विद्यार्थीबंधूंनो, आपल्या उणिवेचे माप नीट घेतले, तर तिचाही उपयोग करता येतो.