दोष कोणाचा?

वडिलांनीं काटकसरीनें पैसे सांठवून घरीं नवा टीव्ही आणला. सन २००० सालीं निघालेलें प्लेस्टेशन २ हें जुनें खेळयंत्र आम्हीं त्यास मोठ्या हौसेनें जोडलें. तों चित्र अगदींच पुसट! "टीव्हीच वाईट," असें आम्ही भावंडें वडिलांच्या तोंडावर बोलून गेलों. ते गप्प राहिले.

पुढें कळलें कीं, यंत्राबरोबरच्या एकट्या पिवळ्या तारेंतून उजेड व रंग एकत्र वाहतात, म्हणून कडा फिसकटतात. मग तीन तारांची कंपोनंट केबल आणली. तिच्या हिरव्या तारेंतून उजेड, तर तांबड्या व निळ्या तारांतून रंगाचे संदेश निरनिराळे जातात. चित्र लख्ख झालें!

आम्हीं वडिलांची क्षमा मागितली. ते एवढेंच म्हणाले, "बाळांनो, आधीं मधली तार पाहावी."