काठ तेवढा आमचा

मे महिना लागला की आमच्या पुण्याच्या ऑफिसात दोन पंथ पडतात. एक डोंगरवाल्यांचा, दुसरा पाणीवाल्यांचा. डोंगरवाले हिमाचलची तिकिटं काढून मोकळे होतात. पाणीवाले शुक्रवारी संध्याकाळी स्टँड-अप कॉल संपायच्या आत पवनेच्या काठावर तंबूत पोचलेले असतात, आणि सोमवारी डोळे चोळत येतात. मी तिसऱ्या, एक सभासदी पंथाचा. मे-जूनचे तीन-चार वीकेंड मी भंडारदऱ्याला जातो. तेही पाहुणा म्हणून नाही, हमाल म्हणून :)

झालं असं की इंजिनिअरिंगला होस्टेलवर माझा जो रूमपार्टनर होता, त्याचं घर भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं तर पुढच्या शनिवारी तिथे चाळीस गाड्या उभ्या राहतील आणि तो मला फोन करून शिव्या घालेल. घर महादेव कोळी समाजातलं, शेती भाताची. गेल्या सहा-सात वर्षांपासून उन्हाळ्यात त्यांच्या खाचरांत बारा तंबू लागतात. चालवणारे घरचेच: दादा (त्याचे वडील), मावशी (त्याची आई), धाकटा भाऊ आणि वहिनी. शिवाय शनिवार-रविवार पावणेदोनशे किलोमीटर बाईक हाणत पुण्याहून येणारा आमचा हा जावा डेव्हलपर. मी आयटी सपोर्ट. म्हणजे बुकिंगची एक्सेल शीट, क्यूआर कोडचं लॅमिनेशन आणि रात्री भांडी.

तंबू खाचरात का, तर खाचरं उन्हाळ्यात रिकामी असतात म्हणून. सपाट, बांध घातलेली, तळ्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. एप्रिलमध्ये एका कोपऱ्यात राब भाजून झाला की बाकीच्या जागेत खुंट्या ठोकायच्या. जूनमध्ये पाऊस धरला की तंबू गुंडाळून माळ्यावर, आणि त्याच जागी रोपं आणि मग आवणी. माझ्यासारख्या कांदेवाल्याला हे लगेच कळलं. आमच्याकडे उन्हाळ कांदा, यांच्याकडे उन्हाळ तंबू. पीकच आहे ते. वेळेत आलं पाहिजे, वेळेत निघालं पाहिजे.

मी मूळचा सायखेड्याचा. निफाड तालुका, गोदाकाठ, द्राक्षं, कांदा, ऊस. पावसाळ्यात पूर आला की बातम्यांत ज्या पुलाला अडकलेल्या पानवेली दाखवतात, तो पूल आमचा. सायखेड्याहून सिन्नर, घोटी, बारी करत भंडारदरा शंभरेक किलोमीटर भरेल. तिथे जायच्या आधी मला धरण म्हणजे 'वरून पाणी सोडतात ते' एवढंच ठाऊक होतं.

आता थोडा इतिहास, जांभया देऊ नका. प्रवरा नदीवरचं हे धरण इंग्रजांनी १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं केलं. नाव विल्सन धरण, जलाशयाचं नाव आर्थर लेक. उंची साधारण ८२ मीटर, साठा ११ टीएमसी. आजूबाजूला कळसूबाई, रतनगड, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. वर घाटघरला वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या निफाडला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. हे सगळं पाणी अडवायचं आणि प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांतल्या शेतीला द्यायचं, यासाठी हे धरण. काठावरच्या लोकांना द्यायचं म्हणून ते बांधलेलंच नाही.

हे मला पुस्तकातून नाही, बादलीमुळे कळलं.

मावशींचा नियम आहे, माणशी एक बादली. पाहुणे दुपारी चारला येतात. चहा, मग करवंदं-जांभळं, संध्याकाळी तळ्यावर फेरी, रात्री चुलीवरची नागलीची भाकरी, मासे नाहीतर पिठलं, आणि काळभाताचा भात. सगळ्यांना सगळं आवडतं. भांडण होतं ते सकाळी, बादलीवरून. एकदा पुण्याचेच एक काका भडकले, "अहो, समोर एवढं तळं पसरलंय आणि तुम्ही आम्हाला एक बादली मोजून देता?" मावशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तळं आमचं न्हाई हो दादा. काठ तेवढा आमचा."

खरंच आहे. मेच्या मध्यापर्यंत आवर्तनं सोडून सोडून पाणी इतकं खाली जातं, की काठच दूर सरकतो. मधे भेगाळलेला गाळ. घरची विहीर एप्रिलअखेर तळ दाखवते. तळ्यातून उचलायचं तर परवानगी, मोटर, पाईप आणि नसलेली वीज, आणि दर आठवड्याला पाईप आणखी पुढे न्यायचा. म्हणून मावशी आणि वहिनी पहाटे चारला दुसऱ्या पाड्याच्या झऱ्यावर नंबर लावतात, आणि पाहुण्यांसाठी पिकअपमधून टाक्या येतात, विकतच्या.

आणि याच मे महिन्यात, लहानपणी, सायखेड्यात आम्ही काय करायचो? गंगेला पाणी यायची वाट बघायचो. (गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.) गंगापूर-दारणेतून आवर्तन सुटलं की पाणी आमच्या पुलाखालून नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जायचं. कोणीतरी ओरडायचं, "गंगा आली!" की शाळेची सुट्टी सार्थकी लागायची. दिवसभर डुंबायचं, मोठी माणसं मोटारी चालू करायची, उसाला पाणी बसायचं. वर कुठेतरी तेवढाच एक काठ मागे सरकलाय, हे आम्हाला कोण सांगणार?

गंमत म्हणजे आम्हीही कोणाच्या तरी वरच्या अंगाला आहोतच. जायकवाडीसाठी नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की सायखेड्यातही तोंडं वाकडी होतात. प्रवरा आणि गोदावरी प्रवरासंगमला भेटतात. म्हणजे मावशींच्या समोरचं पाणी आणि आमच्या पुलाखालचं पाणी शेवटी एकाच नाथसागरात. भांडणारे सगळे एकाच पाईपलाईनवरचे, फक्त नळ वेगवेगळ्या मजल्यांवर.

असो. लोक ज्यासाठी येतात त्या काजव्यांकडे वळू. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी काजवे लुकलुकतात. नर उडत उडत दिवे लावतो, मादी जागेवरून उत्तर देते. एवढ्या थोड्या दिवसांत त्यांना एकमेकांना शोधायचं असतं, आणि ते शोधणं उजेडावरच चालतं. मधे तुम्ही हेडलाईट मारला की संपलं, नेटवर्क डाऊन. म्हणून दादा प्रत्येक टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून देतात, फ्लॅश बंद करायला लावतात आणि झाडाखाली जाऊ देत नाहीत. झाडाखालच्या गवतातही काजवे असतात, ते पायाखाली येतात.

एका शनिवारी आठ जणांचा ग्रुप आला. रात्री त्यांनी गाडी थेट झाडाखाली नेली, दिवे चालू, गाणी चालू, रील चालू. दादांनी दोनदा सांगितलं. उत्तर आलं, "पैसे दिलेत ना?" दादा घरात गेले, डबा उघडला, आठ जणांचे माणशी बाराशे मोजले आणि त्यांच्या हातात दिले. "जेवलात त्याचे राहू द्या. गाडी काढा." गाडी गेली. त्या वीकेंडच्या कमाईचा चौथा भाग गेला. धाकटा भाऊ रात्रभर कोणाशी बोलला नाही. त्याचंही चूक नाही. शेजारच्या शिवारात साठ तंबू आहेत, डीजे आहे आणि बुकिंग फुल्ल आहे. बियाणं आणायचं ते याच डब्यातून.

त्यात २०२५ चा मे. मान्सून २६ मे रोजी मुंबईत, इतका लवकर तो कधीच आला नव्हता. त्याआधीचे दोन-तीन आठवडेही अवकाळी बदाबदा कोसळत होता. खाचरं भरली, तंबू भिजले, काजव्यांचं ऐन बुकिंग धडाधड कॅन्सल. एक्सेलमध्ये मी एकेक ओळ लाल करत होतो आणि मधेच घरून फोन आला, काढून ठेवलेला कांदा शेतातच भिजला. एकाच पावसात दोन उन्हाळी पिकं गेली. दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "चला, आपण एकाच बांधावरचे झालो."

आता मित्र विचारतोय, नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करू का? आम्ही बसून शीट केली. हिवाळ्याचे वीकेंड, काजव्यांचे पंचवीस दिवस, पावसाळ्यातले दोन महिने शून्य, पाण्याच्या टाक्यांचा खर्च. माझ्या आकड्यांनुसार उत्तर 'नाही' येतं. त्याने शीटमध्ये एक ओळ वाढवली: साठवण टाकी, छपरावरचं पाणी धरायला. पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात मेमध्ये पाणी विकत घ्यायचं नाही, एवढं पहिलं जमवणार, मग राजीनामा. पहिल्या टाकीचे थोडे पैसे मी घातलेत. सायखेड्याच्या माणसाकडून एवढं तरी यायला हवंच.

तेव्हा मंडळी, या मोसमात कुठल्याही तळ्याकाठी जाणार असाल, तर दोन गोष्टी करा. दिवे बंद ठेवा. आणि बादली एकच मिळाली तर मालकाशी भांडण्याआधी विचारा, पाणी कुठून आणलंत? उत्तर ऐकून कदाचित अर्धी बादली परत द्याल.