पुरेशी माहिती

तुमच्या घरात कुणी एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत असेल, तर एकदा त्याच्या वहीत डोकावून बघा. एक विचित्र गणित दिसेल. वर प्रश्न, खाली दोन विधानं, आणि उत्तर मात्र काढायचंच नाही! उत्तर काढायला दिलेली माहिती पुरेशी आहे का, एवढंच सांगायचं. याला म्हणतात डेटा सफिशिअन्सी.

मी ३४व्या वर्षी जीमॅटला बसायचं ठरवलं. वडोदऱ्यात एका कंपनीत अकाउंट्स बघते. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. रात्री जेवणं आटोपली की ओटा आवरायचा आणि टेबलावर वही उघडायची.

या प्रश्नांचे पर्याय पाच आणि ते कधी बदलत नाहीत. फक्त पहिलं विधान पुरेसं, फक्त दुसरं पुरेसं, दोन्ही मिळून पुरेशी, दोन्हींपैकी कुठलंही एकटं पुरेसं, किंवा दोन्ही मिळूनही अपुरी. डेटा इनसाइट्स नावाच्या विभागात ४५ मिनिटांत २० प्रश्न असतात, त्यांत हेही असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटं.

सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. पहिल्या सराव परीक्षेत माझे निम्मे चुकले. का, ते तुम्हीच बघा. प्रश्न: क्ष किती? विधान पहिलं: क्षचा वर्ग ९ आहे. मी लगेच म्हटलं, पुरेसं! क्ष म्हणजे ३. पण उणे ३ चा वर्गही ९च होतो. क्ष धन आहे असं कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ते मी पदरचं घातलं होतं.

वही चाळली तर बऱ्याचशा चुका याच जातीच्या निघाल्या. आकृतीत कोन काटकोनासारखा दिसला, की मी तो काटकोनच धरायचे.

बाबांनी ३० वर्षं शाळेत गणित शिकवलंय. त्यांना हा प्रकार मुळीच पटेना. "उत्तर न काढता कसलं गणित? हे म्हणजे भाजी न चाखता मीठ बरोबर आहे म्हणायचं!" असं म्हणत म्हणतच त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढली.

एका रात्री प्रश्न आला: एका मुलीने १२ रुपयांची काही पेनं आणि ३५ रुपयांच्या काही वह्या घेतल्या. पेनं किती? विधान पहिलं: एकूण १५३ रुपये झाले. विधान दुसरं: सगळे मिळून ७ नग. मी दोन समीकरणं मांडली आणि 'दोन्ही मिळून पुरेशी' यावर खूण केली.

"पहिलं एकटंच पुरे," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, दोन अज्ञात आणि एकच समीकरण. कसं पुरेल?"

"अगं, अर्धं पेन विकत मिळतं का? एक वही घेतली तर ११८ उरतात, १२ने भाग जात नाही. दोन घेतल्या तर ८३, तरी नाही. तीन घेतल्या तर ४८. चार पेनं! चार वह्या घेतल्या तर उरतात १३, आणि पाच वह्यांना पैसेच पुरत नाहीत."

मी गप्प झाले. क्षच्या वेळी न दिलेलं धरून चालले होते, इथे समोर दिलेलंच पाहिलं नव्हतं.

खरं सांगू? कित्येक महिने माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता. प्रवेश मिळाला तर वर्षभर बंगळुरूला जावं का? माझ्याकडची विधानं दोन. बाबा ७२ वर्षांचे आहेत. मागच्या महिन्यात दोनदा बीपीची गोळी विसरले. यावरून मी उत्तर काढून ठेवलं होतं: मी जाऊ नये असंच बाबांना वाटतं. हे बाबा कधी म्हणाले होते? कधीच नाही. कारण मी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री विचारलं.

बाबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले. "एकटं राहायला मला आवडणार नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण तू जाऊ नयेस असंही मला वाटत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळ्यांचा डबा शेजारच्या काकू बघतील, मी बोललोय त्यांच्याशी. तू फक्त संध्याकाळी फोन कर. अर्धा तास. घाईघाईचा नको."

म्हणजे शेजारी त्यांचं बोलणंसुद्धा होऊन गेलं होतं! आणि मी मात्र एकटीच, त्यांच्या वतीने, उत्तरं लिहीत बसले होते.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. प्रवेश मिळेल का, जाईन का, सगळं अजून अधांतरी. पण तुम्हालाही घरातल्या कुणाच्या मनातलं ठाऊक आहे असं वाटत असेल, तर आज जेवताना एकदा विचारून बघा. ते खरंच त्यांनी सांगितलंय, की तुम्ही पदरचं घातलंय?