बिस्त हजोर म्हणजे वीस हजार!

भाषा येत नाही अशा शहरात भाव करायची वेळ आली, तर तुम्ही काय करता? मी सरळ मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुढे करते. समरकंदच्या सियोब बाजारातही तेच करणार होते. समोर जर्दाळू, बेदाणे, अक्रोडांचे ढीग. जर्दाळू दाखवून अर्ध्या किलोचा भाव खुणेनंच विचारला. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘‘यिगिर्मा मिंग.’’ माझा चेहरा कोरा! मग त्या शेजारच्या दुकानवालीकडे वळून काहीतरी बोलल्या. त्यातले दोन शब्द कानावर पडले... ‘‘बिस्त हजोर.’’

‘‘वीस हजार?’’ मी चक्क मराठीत ओरडले. मावशी खूश! जोरजोरात मान हलवली. (घाबरू नका, वीस हजार सोम. म्हणजे आपले दीडशेच्या आसपास रुपये.)

फंडा असा आहे की ‘यिगिर्मा मिंग’ ही उझबेक. तुर्की कुळातली भाषा, आपल्याशी तिचं नातं नाही. ‘बिस्त हजोर’ मात्र ताजिक, म्हणजे फारसीचंच एक रूप. ‘हजार’ हा शब्द आपण फारसीकडूनच घेतला. ‘बिस्त’ आणि ‘वीस’ यांचं नातं त्याहून जुनं, दोन्ही एकाच मोठ्या भाषाकुळातले. ताजिक आकडे म्हणून बघा : यक, दु, से, चोर, पंज... ओळखीचे वाटतात ना? मावशी गिऱ्हाइकाशी उझबेक बोलत होत्या. पण नोटा मोजताना ओठांवर ताजिकच होती.

मी तर समजत होते, उझबेकिस्तानात उझबेक, ताजिकिस्तानात ताजिक, इराणमध्ये फारसी. संपला विषय. नकाशातले रंग आपल्याला असंच शिकवतात. प्रत्यक्षात अझरबैजानची तुर्की कुळातली अझेरी इराणच्या तब्रीझमध्येही घराघरांत बोलतात. उझबेक बोलणारे उत्तर अफगाणिस्तानातही आहेत आणि ताजिकिस्तानातही. आणि उझबेकिस्तानातली समरकंद-बुखारा ही दोन सगळ्यात फेमस शहरं? ती शतकानुशतकं ताजिक बोलत आली आहेत.

हे सगळं मला समजावलं माझ्या गेस्ट हाऊसच्या मालकिणीनं. वयानं माझ्याएवढीच, फाडफाड इंग्लिश. तिच्या घरात आईशी ताजिक, शाळेत उझबेक आणि पाच वर्षांच्या लेकीची कार्टून्स रशियन. ‘‘मग तू कोण?’’ मी विचारलं. ‘‘कागदावर उझबेक,’’ ती म्हणाली आणि चहा ओतायला लागली.

या कागदाची गोष्ट सुरू होते 1924 मध्ये. सोव्हिएत सरकारनं मध्य आशियाची भाषा आणि वंशानुसार वाटणी करायला घेतली. पण ज्या घरांत दोन भाषा एकत्र नांदत होत्या, तिथे रेघ मारायची कुठून? समरकंद आणि बुखारा उझबेक प्रजासत्ताकात गेली. ताजिकांना आधी त्याच प्रजासत्ताकाच्या पोटात स्वायत्त भाग मिळाला, वेगळं प्रजासत्ताक मिळालं 1929 मध्ये. पुढे सोव्हिएत पासपोर्टवर ‘राष्ट्रीयत्व’ असा रकानाच आला. ताजिक बोलणाऱ्या कितीतरी लोकांनी त्यात ‘उझबेक’ लिहिलं. तिच्या पणजोबांनीही.

1991 मध्ये दोन देश झाले आणि कागदावरची रेघ जमिनीवर उतरली. तिचे मामा राहतात ताजिकिस्तानातल्या पंजकेंतमध्ये, समरकंदपासून साठेक किलोमीटरवर. म्हणजे पुणे-लोणावळा समजा! पण 2010 मध्ये हा रस्ता सीमेवर बंद झाला. मामांकडे जायचं, तर दुसऱ्या नाक्यावरून कित्येक तासांचा वळसा. 2018 मध्ये दोन्ही देशांचं जमलं आणि रस्ता उघडला. ‘‘आईनं त्याच आठवड्यात बॅग भरली,’’ ती सांगत होती. ‘‘पण आजी तोपर्यंत गेली होती. भावाला शेवटचं बघायचं राहिलंच.’’

दुसऱ्या दिवशी तिनं मला एक पुतळा दाखवायला नेलं. रेगिस्तानच्या निळ्या घुमटांसमोर सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी असते, इथे कुणी नव्हतं. दोन कवी शेजारी शेजारी : नवोई आणि जामी. पंधराव्या शतकातले हे जिगरी दोस्त. दोघांची कर्मभूमी हेरात, जे आज अफगाणिस्तानात आहे. जामी लिहायचा फारसीत. नवोईनं 1499 मध्ये तुर्की भाषा फारसीपेक्षा कशी सरस आहे, हे सांगणारं अख्खं पुस्तक लिहिलं. आणि तरी तो स्वतः फारसीतही कविता करत होता! आज नवोई उझबेकांचा राष्ट्रकवी, जामी ताजिकांचा लाडका. दोघांना वेगळं करायचं राहून गेलं ते या पुतळ्यात.

खरं सांगू? तिथे उभं राहून मला सोलापूर आठवलं. मी सोलापूरची. मराठी, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत ऐकत वाढलेली. आमच्या घरात आजी कन्नड बोलते. भाजीवालीशी मराठीत घासाघीस करते, पण पैसे मोजते ‘ओंदु, एरडु, मूरु’ करत. कॉलेजच्या फॉर्मवर ‘मातृभाषा’ समोर मी मराठी लिहिलं. ते खोटं नव्हतंच. पण पुण्याच्या होस्टेलवर आजीचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन बोलायचे. मग हळूहळू तिच्या कन्नडला मराठीत उत्तरं द्यायला लागले. कुणी रेघ मारली नव्हती. ती मीच मारून घेतली होती.

रात्री गेस्ट हाऊसच्या अंगणातून घरी फोन लावला. ‘‘जेवलीस का?’’ आजीनं कन्नडमध्ये विचारलं. मी बऱ्याच वर्षांनी कन्नडमध्येच उत्तर दिलं. मग तिला जर्दाळूंची गोष्ट सांगितली आणि तिच्यासोबत आकडे मोजायला लागले. दहापर्यंत धडाधड गेले. अकराला अडखळले. तिकडून आजी हसली आणि पुढचे आकडे एकेक करून सांगायला लागली.

जायचंय?
कसं जाल : दिल्लीहून ताश्कंदला थेट विमान आहे, साधारण तीन तासांचं. ताश्कंद ते समरकंद ‘अफ्रोसियोब’ या फास्ट ट्रेननं दोन तासांच्या थोडं वर. तिकीट आधीच काढा. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो.
कधी : एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर.
काय खाल : समरकंदची जाडजूड, चकचकीत ‘नोन’. होय, आपल्या नानचीच बहीण!
काय शिकून जाल : दोन्ही भाषांमधला ‘धन्यवाद’. उझबेकमध्ये ‘रहमत’, ताजिकमध्ये ‘रहमत’. एवढं तरी सोपं आहे!