काळ्या आईची येळवस

ज्वालामुखी म्हटला की आपल्याला जपान नाहीतर इटली आठवते. पण मैत्रिणींनो, आपण परभणीकर बायका तुळशीला जी काळी माती घालतो ना, ती ज्वालामुखीचीच! वर्गात हे सांगितले की मुली हमखास विचारतात, "मग बाई, डोंगर कुठाय?" डोंगर असा एक नव्हताच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, तप्त रस बाहेर आला आणि थरावर थर थिजून काळा दगड झाला. तो झिजून ही माती झाली. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगून पाणी पोटात धरते. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी थंडीत डोलते.

जावा बेटावर ब्रोमो नावाचा जागता ज्वालामुखी आहे. तिथले तेंगर लोक हिंदू. कसडा महिन्याच्या सणाला ते धान्य, भाजीपाला, कोंबड्या घेऊन डोंगर चढतात नि धुमसत्या मुखात अर्पण करतात. आपला ज्वालामुखी कधीच निवला, म्हणून आपला नैवेद्य शेतातच!

तो दिवस मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येचा, म्हणजेच आपल्या येळवसीचा. लातूर-धाराशिवकडे तिचा थाट मोठा. आपल्याकडे लातूरला लागून असलेल्या गंगाखेडच्या बाजूला ती पाळतात. आदल्या रात्रीपासून चुली पेटलेल्या असतात. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मानाची ती भज्जी. ओला हरभरा, तूर, वाटाणा, वाल नि मिळेल ती पालेभाजी शिजवून बेसन लावायचे. तळणीच्या भज्यांशी तिचे काही नाते नाही बरं का! शेतात कडब्याची कोप करून आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे. मग शिवारभर आंबील शिंपडायची. ज्यांना शेत नाही त्यांनाही आग्रहाने जेवायला बोलावतात.

पण आता शिवारात सोयाबीन नि ऊस वाढला, ज्वारी मागे पडली. शेतकऱ्याला तरी कसा दोष द्यावा? ज्वारीची काढणी कष्टाची, मजूर मिळत नाहीत, हातात पैसा कमी. मात्र ज्वारी गेली की कडबाही गेला. मग गुरांनी काय खावे, आणि कोप तरी कशाची करावी? १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती' हे रब्बी ज्वारीचे वाण काढले आहे. ज्यांची शेती आहे त्यांनी घरच्यापुरती तरी ज्वारी पेरायला घरी सुचवावे. पीक काय घ्यायचे हे पुरुष ठरवत असले, तरी भाकरी आपण थापतो; तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क आपलाही आहे.

आणि येळवसीला कुणी बोलावले तर मुलांना घेऊन जरूर जा. आंबील शिंपडताना त्यांना सांगा, की ही माती एके काळी आग होती.