नळीतला क्षार

१८८८ साली ब्रिटिश फौजेने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिच्या नळीत सात उथळ, गोलसर कडांचे सर्पिल चर होते. काळ्या दारूची काजळी त्यांत अडकू नये, हा विल्यम मेटफर्ड यांचा हेतू. थोड्याच वर्षांत कॉर्डाइट आले. काजळी नाममात्र, उष्णता मात्र भयंकर; उथळ चर भराभर झिजू लागले. मेटफर्ड चुकले नव्हते, दारूच बदलली होती. १८९५ मध्ये पाच खोल चरांची एनफिल्ड नळी आली आणि झिजेचा प्रश्न बराचसा सुटला.

गंजाचा सुटला नाही. काडतुसाच्या टोपीतले पोटॅशियम क्लोरेट जळले की नळीत क्षार उरे. तो हवेतली ओल शोषून घेई. चरांत खड्डे पडत, नेम ढळे. क्षार तेलात विरघळत नाही, त्यामुळे वरून कितीही तेल चोपडले तरी खाली गंज चालूच. म्हणून शिपाई, विचित्र वाटेल, पण पोलादी नळीत उकळते पाणी ओतत. क्षार धुऊन जाई आणि तापलेली नळी लवकर वाळे. मग दोरीला बांधलेली फडक्याची पट्टी आतून ओढायची, शेवटी तेल. तेलाची कुपी दस्त्याच्या पोकळीतच असे. जुनी ली-एनफिल्ड बाळगणाऱ्या हौशी परवानाधारकाने त्या काळची काडतुसे झाडली, तर हा क्रम त्यालाही चुकत नाही.